प्रश्नांची पानं

पुस्तक कुरिअरनं आलं तेव्हा मी सौसरच्या माझ्या ऑफिसात एका घरमालकाशी खिडकीवरून भांडत होते. त्याला पश्चिमेची अख्खी भिंत काचेची पाहिजे होती. "मॅडम, आता पांढुर्णा जिल्हा झाला. आपणच काहून मागं राहून राहिलो?" असं म्हणता म्हणता तो रुमालानं मान पुसत होता. बाहेर मे महिना पेटलेला होता. त्या उन्हाला घरात बोलावून, वर एसी लावून, त्याचं बिल भरायची त्याची तयारी होती. मी नाही म्हटलं. तो दुसरा आर्किटेक्ट पाहतो म्हणून निघून गेला.

मग मी पाकीट फोडलं. आत पुस्तक नव्हतं, ग्रंथ होता. एका हातात धरवत नव्हता. कडक पुठ्ठा, त्यावर प्लास्टिक, आत गुळगुळीत पानं. मी ज्या विद्यापीठात शिकले त्याच्या वास्तुकला विभागानं, आजवर भरवलेल्या पाहुण्यांच्या व्याख्यानांचा संग्रह काढला होता. सगळा इंग्रजीत. सोबत प्रकाशन समारंभाचं आमंत्रण, 'माजी विद्यार्थिनी' म्हणून. किंमत वाचली आणि वाटलं, छपाईची चूक असेल. चूक नव्हती.

पानभर फोटोत सौसरची एक ओसरी होती. ती मी ओळखली, तिचा खांब मी स्वतः मापला होता. खाली लिहिलं होतं, 'मध्य भारतातील एक घर'. गावाचं नाव घालायला कुणाचं काय जात होतं?

मी एक नाव शोधत होते. प्रस्तावनेत नव्हतं. ऋणनिर्देशात नव्हतं. तिथं टाइल्सची कंपनी होती, रंगाची कंपनी होती, कुलगुरू होते, जेवणाची व्यवस्था पाहणारेसुद्धा होते. वसुधा मॅडम नव्हत्या.

राग आला की माझे कान तापतात. त्या दुपारी ते असे तापले की मी कूलरसमोर जाऊन उभी राहिले, आणि ओल्या वाळ्याच्या वासानं मला सरळ त्या वर्षांत नेऊन सोडलं.

आमच्या विभागाच्या ग्रंथालयात वास्तुकलेची पुस्तकं काचेच्या कपाटात कुलूपबंद असत. चावी ग्रंथपालांकडे आणि ग्रंथपाल चहाला. कधी उघडलंच तर हात धुऊन या म्हणायचे. मोठमोठी परदेशी पुस्तकं, त्यात बर्फ पडणाऱ्या गावातली घरं. आम्ही काटोल, नरखेड, सौसरकडून आलेल्या पोरी काचेला नाक लावून त्यांचे पुठ्ठे पाहायचो. वर्गात इंग्रजी, परीक्षेत इंग्रजी, आणि वसतिगृहात रात्रीच्या जेवणावर आमची आपली बोली.

वसुधा मॅडम आम्हाला बांधकाम शिकवायच्या. उंच, सावळ्या, सुती साडीचा पदर नेहमी खडूनं पांढरा. एकदा कुणी मोठे स्थपती येऊन सुंदर बोलून गेले. टाळ्या झाल्या, शाल-श्रीफळ झालं. दुसऱ्या दिवशी मॅडमनी वर्गात विचारलं, "काय म्हणाले काल ते?" कुणालाच नीट सांगता येईना. मॅडम फळ्याकडे वळून तो पुसायला लागल्या.

"पाहुणा एवढ्या लांबून येतो, जन्मभराचं शहाणपण सांगतो, आणि ते पंख्याखाली उडून जातं. हे मला सहन होत नाही." मग वळून म्हणाल्या, "आपण पुस्तकं काढू. बारकी. समोशाच्या एका प्लेटीला जेवढे पैसे लागतात तेवढ्यात यायला पाहिजे. त्याहून महाग होणार असेल तर काढायचंच नाही."

तिथून आमच्या आयुष्यात टेपरेकॉर्डर आला. व्याख्यान संपलं की आम्ही कॅसेट घेऊन बसायचो. एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, लिहायचं, पुन्हा मागं घ्यायचं. पाहुण्यांचा खोकलासुद्धा आमच्या ओळखीचा होऊन गेला. इंग्रजीत बोललेलं मराठीत आणताना आमची भांडणं व्हायची, आणि त्या भांडणांतच मी जे काही शिकले ते शिकले.

छापायचं कुठं? शहरातले छापखाने परवडत नव्हते. माझ्या मामाजींचा पांढुर्ण्याला छापखाना होता, स्टेशनकडून बाजारात जाणाऱ्या रस्त्यावर. लग्नपत्रिका, संत्र्याच्या आडत्यांची पावतीपुस्तकं, शाळेच्या प्रश्नपत्रिका, असलं काम. मॅडम स्वतः आल्या. मामाजींनी त्यांना खुर्ची दिली, आमच्या हातातली कागदांची जुडी पाहिली आणि हसले.

"हे का पुस्तक हाय, मॅडम? हे तं पंचांगाएवढं बारकं होईन."

"पंचांग घराघरात असतं, मामाजी," मॅडम म्हणाल्या. त्याही त्यांना मामाजीच म्हणायला लागल्या. "मला तेच पाहिजे."

सुट्टीच्या दिवशी आम्ही सकाळच्या पॅसेंजरनं पांढुर्ण्याला जायचो. खिडकीतून नरखेडच्या पुढचे संत्र्याचे बगीचे. आंबिया बहाराच्या दिवसांत फुलोऱ्याचा वास डब्यात असा भरायचा की बोलणं बंद पडायचं. एकदा सगळ्याच जणी झोपलो आणि पांढुर्णा मागं पडून तिगाव आलं. तिगावच्या बाकावर प्रुफांची पिशवी मांडीवर घेऊन परतीच्या गाडीची वाट पाहत बसलो, आणि बसल्या बसल्या सगळी प्रुफं तपासून टाकली. त्या पुस्तकात एकही चूक राहिली नाही. मॅडम म्हणायच्या, यापुढं तिगावलाच उतरत जा.

छापखान्यात शाईचा वास, मशीन पुसायच्या रॉकेलचा वास, मागच्या अंगणात मामी मैद्याची खळ शिजवायची तिचा वास. मशीनचा खटक-फस, खटक-फस असा सूर दिवसभर. आम्ही सतरंजीवर गोल बसून पानांच्या घड्या घालायचो. मामी पाटवड्यांचा रस्सा करायची, पण हात धुतल्याशिवाय छापील कागदाला शिवू द्यायची नाही. विभागातल्या ग्रंथपालांचाही तोच नियम होता. तिथं तो ऐकताना अपमान वाटायचा आणि इथं लाड वाटायचा. पहिली प्रत तयार झाली की मामी मुखपृष्ठावर कुंकवाचं बोट टेकवायची. मामाजी ती प्रत मॅडमच्या हातात द्यायचे आणि मॅडम ती उभ्याउभ्या, उंबरठ्यावरच वाचायला लागायच्या. चहा गार व्हायचा.

ती पुस्तकं विभागात विकली जायची, आणि बसस्टँडवरही. पांढुर्ण्याच्या स्टँडवर चण्याफुटाण्याच्या गाडीशेजारी पेपरवाल्याकडे, रोजगारवार्ता आणि आरत्यांच्या मधोमध. गवंडी घ्यायचे, मास्तर घ्यायचे, घर बांधायला काढलेली माणसं घ्यायची.

एका वर्षी आमच्या वर्गाचं शिबिर सौसरला होतं, जुनी घरं मापायचं. मॅडमनी एका वयोवृद्ध स्थपती बाईंना तिथंच बोलावलं. त्या राजस्थानकडच्या, जन्मभर उन्हाच्या मुलखात घरं बांधलेल्या. व्याख्यान शाळेच्या सभागृहात. बाजाराचा दिवस होता, दारं उघडी होती, त्यामुळं बाहेर पोत्यांवर माल मांडून बसलेली, पिशव्या घेतलेली माणसंही आत येऊन बसली. सुरुवातीलाच वीज गेली. पाहुण्या बाई हसल्या. "अच्छा हुआ," म्हणाल्या, आणि आम्हाला एकेक खिडकी उघडायला लावली. कुठली उघडली की वारा हलतो, कुठली उघडली की नुसती झळ येते, हे सगळ्यांना अंगावर कळलं. तेच त्यांचं व्याख्यान. वीज शेवटपर्यंत आली नाही, टेपरेकॉर्डर सेलवर चालला.

मग प्रश्न सुरू झाले. एका मास्तरांनी विचारलं, शाळा तुरुंगासारख्याच का बांधतात. कुणी टिनाच्या छपराचं विचारलं. मग मागून बोरगावची एक बाई उठली. बाजाराची पिशवी हातातच होती.

"बाई, घर नवऱ्याच्या नावानं, नकाशा इंजिनेराचा, पैसा बँकेचा. मंग चूल कोण्या अंगाले मांडाची, हे मले कोनी इचारते का?"

सभागृह हसलं. पाहुण्या बाई हसल्या नाहीत. त्या मंचाच्या पायरीवर येऊन बसल्या, त्या बाईच्या डोळ्याच्या उंचीला, आणि म्हणाल्या, जोवर तुम्हाला विचारत नाहीत तोवर पाया खणू देऊ नका. ती बाई म्हणाली, "असं कराले भेवच वाटते नं." पाहुण्या बाई म्हणाल्या, मलाही वाटायचं.

पुस्तक करताना आमच्यातली एक जण म्हणाली, निदान प्रश्नांची भाषा तरी शुद्ध करू. मॅडमनी पेन खाली ठेवलं. "शुद्ध म्हणजे? ती अशुद्ध बोलली का? तिला जे म्हणायचं होतं ते तुम्हा सगळ्यांना कळलं ना?" आमच्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी प्रश्नांची पानं असायची. विचारणाऱ्याच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे, आणि नाव सांगितलं असेल तर नाव. व्याख्यान कापावं लागलं तर कापायचो. प्रश्नांना हात लावायचा नाही, हा मॅडमचा कायदा होता.

ते सौसरचं पुस्तक सगळ्यात जास्त खपलं. मोहगावच्या एका घरात मी ते चुलीवरच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी पाहिलं, धुरानं पिवळं पडलेलं.

मग विभागात नवे प्रमुख आले. एका दुपारी ते पांढुर्ण्याच्या स्टँडवरून जात असताना त्यांना आमचं पुस्तक दिसलं म्हणे. सगळ्यांच्या देखत ते मॅडमना म्हणाले, "विद्यापीठाचं बोधचिन्ह छापलेलं पुस्तक फुटाण्याच्या गाडीशेजारी? आपली काही पत आहे की नाही?" त्यांच्या आवाजात खरंच वेदना होती. मला तिचीच जास्त चीड येते. चोरी करणारा निदान चोरून करतो. या माणसाला मनापासून वाटत होतं की स्वस्त म्हणजे हलकं.

पुस्तकं बंद झाली. उरलेले गठ्ठे तळघरात गेले, पावसाळ्यात भिजले आणि पुढं टेम्पोत भरून रद्दीला गेले. मॅडमना कुठल्याशा जुन्या कागदपत्रांच्या समितीवर बसवलं, आणि तिथूनच त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभात त्यांना चांदीचा पेला दिला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

प्रकाशन समारंभाला मी गेले. जायलाच पाहिजे होतं. सभागृह इतकं थंड की पुढच्या रांगेतल्या बायका पदर लपेटून बसल्या होत्या, आणि एकही खिडकी उघडणारी नव्हती. तेच प्रमुख, आता केस पांढरे. ते म्हणाले, "व्याख्यानं ग्रंथरूपात जपण्याची ही परंपरा मी विभागात रुजवू शकलो याचं समाधान आहे." टाळ्या झाल्या. मी हात वर केला. निवेदिका गोड हसून म्हणाली, "वेळेअभावी प्रश्नोत्तरं होणार नाहीत."

चहाच्या वेळी मी त्यांना गाठलं. "सर, वसुधा मॅडमचं नाव कुठंच नाही."

त्यांनी क्षणभर आठवल्यासारखं केलं. "जागेची मर्यादा असते हो."

"एवढ्या जाड पुस्तकात?"

"संपादकीय निर्णय आहे तो."

"आणि मुलांना परवडेल अशी साधी प्रत?"

"सदस्यांना लिंक मिळेल ना," असं म्हणत ते कुणाला तरी नमस्कार करत पुढं गेले. मी कप टेबलावर ठेवला आणि त्याच थंडगार सभागृहातून बाहेर, उन्हात आले. उन्हात बरं वाटलं.

तशीच रिक्षा करून मॅडमच्या घरी गेले. त्या आता बहिणीबरोबर राहतात, तळमजल्यावरच्या छोट्या फ्लॅटमध्ये. गुडघे दुखतात, कान मात्र तिखट. मी ग्रंथ त्यांच्यासमोर आपटला आणि सगळं सांगून टाकलं, मोठमोठ्यानं. त्यांनी चष्मा पुसला.

"चांगला कागद आहे," त्या म्हणाल्या.

"मॅडम, तुमचं नाव नाही!"

"नावाचं काय लोणचं घालायचंय? मामाजी कसे आहेत?"

मला त्यांचाही राग आला. मी वर्षानुवर्षं या बाईची बाजू घेऊन मनातल्या मनात भांडत आले, आणि ही बाई कागदाची जात पाहत होती. बहिणीनं पन्हं आणून दिलं, तेही आंबट लागलं.

मॅडमनी ग्रंथातलं सौसरचं व्याख्यान उघडलं, आमच्याच पुस्तकावरून इंग्रजीत आणलेलं. ओठ हलवत वाचत गेल्या, मधूनच मान डोलावत. शेवटच्या ओळीला आल्या आणि पान उलटलं. तिथं पुढच्या पाहुण्याचा फोटो होता. पुन्हा मागं आल्या. पुन्हा पुढं. मग दुसऱ्या व्याख्यानाचा शेवट पाहिला, तिसऱ्याचा पाहिला. आता त्यांची बोटं पानांवर आपटत होती.

"प्रश्न कुठंयत?"

मी पाहिलं. मी नुसतं नाव शोधत राहिले होते. एकाही व्याख्यानाच्या शेवटी प्रश्न नव्हते. सगळी माणसं कापून टाकली होती.

मॅडम उठून उभ्या राहिल्या. गुडघे न धरता. इतक्या वर्षांत मी त्यांचा आवाज चढलेला कधी ऐकला नव्हता.

"माझं नाव काढलं, तो माझा अपमान. तो मी गिळीन, मला सवय आहे. पण ती बोरगावची बाई? बाजार सोडून ती आत येऊन बसली होती. भर सभेत हसं झालं तरी खाली बसली नाही. तिला कुणी काढलं? कुठल्या अधिकारानं?" बहीण आतून धावत आली. मॅडमनी तिला हातानं थांबवलं. "ऐकून घेणारी माणसंच नकोत यांना. नुसतं बोलणारा पाहिजे, आणि त्याचा फोटो!"

मला रडू येत होतं आणि आनंदही होत होता. इतकी वर्षं मी एकटीच चिडलेली होते.

"जुनं पुस्तक परत छापू," मी म्हटलं. "प्रश्नांसकट."

"नाही. मग त्यांना वाटेल आपण मागचं उगाळत बसलोय. नवं व्याख्यान करायचं. सौसरला."

"पाहुणा कोण?"

त्या विचारात पडल्या. मी वाट पाहिली नाही. "तुम्ही," म्हटलं. आमच्या एवढ्या पुस्तकांत त्यांचं स्वतःचं व्याख्यान एकही नव्हतं. मागं आग्रह केला की म्हणायच्या, यजमानानं पाहुण्याच्या पंगतीत बसू नये. आज मात्र त्या खुर्चीत बसल्या आणि पन्हं एका घोटात संपवलं.

दुसऱ्या दिवशी मी पांढुर्ण्याला गेले. मामाजी आता वाढदिवसांचे फ्लेक्स करतात. दुकानभर पुढाऱ्यांचे हसरे चेहरे टांगलेले. मामी जाऊन बरेच दिवस झाले. मागच्या खोलीतलं मशीन त्यांनी विकलं नव्हतं. मी सगळं सांगितलं तर म्हणाले, "मशीन तं चालते वो माय. पुस्तक घेऊनच कोनी येऊन नाई राहिलं." आणि रॉकेलची बाटली शोधायला लागले.

व्याख्यानाचा दिवस बाजाराचाच ठेवला. शाळेनं सभागृह दिलं. फलकावर विद्यापीठाचं नाव नाही, काही नाही. फक्त मॅडमचं नाव, आणि तेही त्यांना मोठं वाटलं. विभागातली काही मुलं-मुली शहरातून बसनं आली होती. जाऊ नका असं त्यांना सांगितलं होतं म्हणे, म्हणून ती जरा जास्तच आली होती. मोहगावची, बोरगावची माणसं, गवंडी, गावोगावच्या आशा कार्यकर्त्या, माझा तो काचेच्या भिंतीचा घरमालकसुद्धा, भांडायच्या तयारीनं. मामाजी पुढच्या रांगेत धुतलेला सदरा घालून बसलेले.

मॅडम आधारानं पायऱ्या चढल्या. माईक बाजूला सारला. मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू आहे ना, हे डोळ्यांनीच मला विचारलं. मी मान हलवली.

"मी आज चिडून बोलणार आहे," त्या म्हणाल्या. "छापताना मला सोज्वळ करू नका."

मागची माणसं पुढं सरकून बसली.

"आणि आधी मी बोलणारच नाही. आधी तुम्ही विचारा. जे जे वाटतं ते सगळं. कितीही वेळ लागू द्या. तुमचं संपलं आणि वेळ उरला तर मी बोलीन."

कुणी हालेना. मला वाटलं, फसलं. मग विभागातली एक मुलगी उठली, काळीसावळी, घाबरलेली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

"मॅडम, आमच्या विभागाच्या नव्या इमारतीत एकपण खिडकी उघडत नाही. आम्ही तिथं खिडक्या कशा शिकायच्या?"

लोक हसले. ती खाली बसणार होती.

"बसू नकोस," मॅडम म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "लिही. जसंच्या तसं. आणि हिचं नाव विचार, पूर्ण नाव."